मागण्यापलीकडचं बोलणं: संवादयंत्रं घडवणाऱ्यांना खुलं पत्र

संवादयंत्रं आणि संवादाची अॅप्स घडवणारे अभियंते, डिझायनर, भाषातज्ज्ञ आणि कंपनीचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांच्यासाठी तुम्ही यंत्रं बनवता: पडद्यावरचं बटण निवडलं की यंत्र तो शब्द बोलतं. अशा यंत्राच्या पहिल्या पानावर, अगदी वरच्या कोपऱ्यात, 'मला हवं आहे' असं बटण असतं. त्याच्या शेजारी पाणी, पंखा, टीव्ही, शौचालय, झोप. माझा धाकटा भाऊ अशा यंत्रांवरच लहानाचा मोठा झाला. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. तोंडाचे स्नायू मेंदूचं ऐकत नाहीत, हात मोजकंच ऐकतात, आणि डोकं मात्र घरातल्या सगळ्यांच्या पुढे धावतं. पाणी हवं असेल तर तो बाटलीकडे बघतो आणि जवळ असेल तो माणूस ती उचलतो. तेवढ्यासाठी त्याला यंत्र लागत नाही. यंत्र लागतं ते 'काल तू त्याला असं का बोललीस?' हे विचारायला. आणि नेमकं तेच तुमच्या पानावर सापडत नाही.

माझी तक्रार एका वाक्याची आहे. तुम्ही मागण्याचं यंत्र बनवता आणि त्याला बोलण्याचं यंत्र म्हणता.

हे मी नव्याने सांगतेय अशातला भाग नाही. या क्षेत्रातल्या संशोधक जॅनिस लाइट यांनी 1988 मध्येच संवादाची चार कामं मांडून ठेवली आहेत: गरजा आणि इच्छा सांगणं, माहिती देणं-घेणं, माणसांशी जवळीक साधणं आणि शिष्टाचार पाळणं. तुमच्यापैकी बहुतेकांनी अभ्यासक्रमात हे वाचलेलं असणार. तरीही दुकानात येणारी यंत्रं पहिल्या कामापाशी अडखळून बसलेली असतात. पानंच्या पानं नामांनी भरलेली. चेंडू, खुर्ची, हत्ती, विमान. माणूस दिवसभरात 'हत्ती' किती वेळा म्हणतो? इंग्रजीतल्या अभ्यासांनी वारंवार दाखवलंय की रोजच्या बोलण्याचा सुमारे 80 टक्के भाग काहीशे नेहमीच्या शब्दांनी व्यापलेला असतो. आपल्याकडे ते शब्द म्हणजे मी, तू, नको, का, तिकडे, परत, झालं, बघ, असं, थांब. यांना चित्रं काढणं अवघड जातं, हत्तीचं चित्र सोपं असतं. म्हणून पडद्यावर हत्ती येतो आणि 'का' तिसऱ्या पानामागे जातो.

आता वेळेचं बघू. बोलणारा माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द सहज बोलतो. यंत्रातून बोलणारा अनेकदा दहाच्याही खाली असतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांची 1985 मध्ये न्यूमोनियानंतर श्वासनलिकेवर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची वाचा गेली. सुरुवातीला कुणीतरी अक्षरांचा तक्ता दाखवायचं आणि ते भुवई उचलून अक्षर निवडायचे. मग वॉल्ट वोल्टोझ यांनी तयार केलेला 'इक्वलायझर' हा प्रोग्रॅम त्यांच्या हाती आला आणि बोटाने बटण दाबत ते मिनिटाला 15 शब्दांपर्यंत पोचले. पुढे बोटाची ताकद गेली, गालाची हालचाल टिपणारा सेन्सर चष्म्यावर बसवावा लागला आणि वेग मिनिटाला जेमतेम एका शब्दावर उतरला. जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध यंत्रभाषकाची ही कथा. त्यांच्यासमोर लोक थांबत, कारण ते हॉकिंग होते. माझ्या भावासमोर कुणी थांबत नाही.

तो डोक्याजवळच्या एका स्विचने बोलतो. पडद्यावर ओळी एकामागून एक उजळत जातात. हवी ती ओळ उजळली की स्विच दाबायचा, मग त्या ओळीतली अक्षरं एकेक करून उजळतात, हव्या त्या अक्षरावर पुन्हा दाबायचा. आपली वर्णमाला या कामाला मुळातच सोयीची आहे. पाच वर्ग, प्रत्येकात पाच अक्षरं, सगळं उच्चाराच्या स्थानाप्रमाणे ओळीत लावलेलं. पाठ असलेल्या माणसाला कुठलं अक्षर कुठे आहे ते शोधावं लागत नाही. तरी 'नको' हा शब्द त्या तक्त्यावर लिहून बघा. पहिली ओळ स्वरांची, मग क, च, ट आणि पाचवी त वर्गाची. न त्यातला पाचवा, म्हणजे दहा पायऱ्या. क साठी तीन. ओकाराची मात्रा नवव्या ओळीत आठवी, म्हणजे सतरा. एकूण तीस पायऱ्या. पायरीला एक सेकंद धरला तर अर्धं मिनिट, तेही एकदाही हुकलं नाही तर. भावाची मान आखडली आणि दाबायचा क्षण निसटला की उजेड पुढे निघून जातो आणि फेरी पहिल्यापासून सुरू होते. तोवर इंजेक्शन टोचून झालेलं असतं.

म्हणून 'नको' हा शब्द पडद्यावर कायम, प्रत्येक पानावर, पहिल्या फेरीत पहिला उजळायला हवा. त्याच्याबरोबर 'थांबा, माझं बोलून व्हायचंय', 'तसं नाही, चुकीचं समजलात' आणि 'विषय बदलू नका'. हे शब्द मी मनाने सांगत नाही, घरात रोज कमी पडणारे आहेत. 'मला हवं आहे' खाली गेलं तरी चालेल.

एका लग्नघरातल्या संध्याकाळी चुलत भावंडांत वाद चालला होता की परतताना गाडी कोण चालवणार. भावाने उत्तर लिहायला घेतलं. वाद संपला, विषय कुणाच्या तरी नव्या नोकरीवर गेला, मग घरभाड्यावर, मग एका काकूंनी उसासा टाकून विचारलं की आजकाल मोठं कुटुंब चालवतंय कोण. त्याच क्षणी यंत्र बोललं, 'मी चालवतो.' अख्खी खोली हसून लोळली. भावाने विनोदाचं सगळं श्रेय शांतपणे घेतलं आणि आजतागायत सोडलेलं नाही. पण एरवी असं जमत नाही. त्याचा शेरा चार विषय उशिरा पोचतो, लोक चपापतात, कुणीतरी प्रेमाने 'हो हो' म्हणतं, आणि तो पुढच्या वेळी लिहीतच नाही.

चित्रपट समीक्षक रॉजर ईबर्ट यांना हा प्रश्न नेमका कळला होता. 2006 मध्ये कर्करोगाच्या उपचारांत त्यांची वाचा गेली. त्यांनी पूर्वी चित्रपटांच्या डीव्हीडींसाठी केलेली निवेदनं वापरून एका स्कॉटिश कंपनीने त्यांच्याच आवाजासारखा संगणकी आवाज घडवला. 2011 मध्ये त्यांनी व्यासपीठावरून एक कसोटी सुचवली: संगणकाच्या आवाजाला विनोद नीट सांगता येतो का, योग्य जागी थांबून, योग्य शब्दावर जोर देऊन, लोक हसतील असा? तुमच्या जाहिरातींत स्पष्ट उच्चार, मोठा आवाज, शेकडो चित्रं असं बरंच काही लिहिलेलं असतं. विरामाचं बटण क्वचित दिसतं. वाक्य आधी तयार करून ठेवून नेमक्या क्षणी सोडण्याची सोय काही यंत्रांत असते, पण ती चार पडद्यांमागे. उपरोधाने म्हटलेलं 'वा, फारच छान' आणि मनापासूनचं 'फारच छान' यांत फरक करता येत नाही. समोरच्याला कळावं की मी लिहितोय, गप्प बसलेलो नाही, यासाठी यंत्राच्या पाठीमागे एक छोटा पडदा किंवा साधा दिवा असावा. काही महागड्या यंत्रांना तो आहे. तो सगळ्यांना द्या. अख्ख्या वाक्याचा वेग वाढवणं कठीण असेल, पण 'आता माझी पाळी आहे' एवढं एका दाबात सांगता येणं कठीण नाही.

या पत्रातला जो भाग मला सगळ्यांत जास्त टोचतो तो भाषेचा आहे, आणि तिथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

तुमचे बहुतेक तक्ते इंग्रजीसाठी आखले गेले आणि मग त्यांवर इतर भाषांचे शब्द चिकटवले गेले. इंग्रजीत शब्द ओळीने ठेवले की ओबडधोबड का होईना वाक्य उभं राहतं. मराठीत तसं करून बघा: मी, टेबल, वर, पुस्तक, ठेवणे. यंत्र बोलतं, 'मी टेबल वर पुस्तक ठेवणे.' भावाला म्हणायचं असतं, 'मी टेबलावर पुस्तक ठेवलं.' इथे टेबलाचं सामान्यरूप व्हायला हवं, क्रियापदाला काळ हवा, आणि भूतकाळातलं ते क्रियापद 'मी'कडे बघत नाही, पुस्तकाकडे बघतं. पुस्तक ठेवलं, वही ठेवली, डबा ठेवला. वर्तमानकाळात तेच पुन्हा बोलणाऱ्याकडे वळतं: मी ठेवतो, मी ठेवते. भावाच्या पहिल्या यंत्रात आवाज बाईचा होता आणि तयार वाक्यं पुरुषाची. दहा वर्षांचा मुलगा, आवाज तिशीतल्या बाईचा, आणि ती बाई म्हणतेय 'मी येतो'. वर्गातल्या पोरांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको.

मग मान देण्याचा प्रश्न. बटण एकच, 'तू'. त्यामुळे भाऊ डॉक्टरांना म्हणायचा, 'तू इकडे ये.' डॉक्टर हसायचे, गालाला हात लावायचे आणि पुढचा प्रश्न आईला विचारायचे. तेवीस वर्षांच्या माणसाने नव्या माणसाला 'तुम्ही जरा इकडे याल का' म्हणायचं असतं आणि तुमच्या यंत्राने त्याला तीन वर्षांचा करून टाकलेलं असतं. ऐकणारा मोडकं वाक्य ऐकतो आणि तो मोडकेपणा बोलणाऱ्याच्या बुद्धीच्या खात्यावर जमा करतो. यंत्राला व्याकरण येत नाही असं कुणाच्याही मनात येत नाही, मुलाला येत नाही असंच वाटतं. शाळेत कुठल्या वर्गात बसवायचं, परीक्षा द्यायची की नाही, सहीचा अधिकार द्यायचा की नाही, हे निर्णय अशा ऐकण्यावर ठरतात.

आणि हे सोडवणं तुम्हाला अवघड नाही. विभक्ती, सामान्यरूप, लिंगवचनाचे नियम शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात छापलेले आहेत, अपवाद मोजता येतील एवढे. यंत्र सुरू करताना एकदा विचारा की बोलणारा 'येतो' म्हणणार की 'येते'. घरातल्या आणि ओळखीच्या माणसांच्या यादीत प्रत्येकापुढे तू, तुम्ही की आपण ते नोंदवू द्या. नाव निवडलं की क्रियापद आपोआप बदलेल. फक्त एक सांभाळा: सुधारणा बंद करायची सोयही ठेवा. भाऊ घाईत असला की मुद्दाम जुन्या तारेच्या भाषेत बोलतो, 'गाडी आली. निघ.' ती त्याची शैली आहे, तिला दुरुस्त करायला यंत्राने धावू नये.

इथून ओघानेच नव्या हुशार यंत्रांकडे येते. दोन शब्द दिले की संपूर्ण, गोंडस वाक्य तयार करून देणारी अॅप्स तुम्ही बाजारात आणताय. वेग वाढतो, हे खरं. भाऊ 'बाहेर' आणि 'नाही' एवढं निवडतो आणि यंत्र सुचवतं, 'आज मला बाहेर जायला आवडणार नाही, धन्यवाद.' त्याला म्हणायचं होतं, 'तो बाहेर उभा नाहीये, खोटं बोलतोय.' सुचवलेलं वाक्य एका दाबात बोलून होतं, स्वतःचं लिहायला तीन मिनिटं. दमलेला माणूस कुठलं निवडेल?

या क्षेत्राने असा प्रसंग आधी एकदा पाहिलेला आहे. हात धरून, किंवा कोपराला आधार देऊन टाइप करून घेण्याची एक पद्धत गाजली होती. न बोलणारी माणसं अचानक सुंदर परिच्छेद लिहू लागली. 1990च्या दशकात नीट चाचण्या झाल्या. आधार देणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला वेगवेगळी चित्रं दाखवली, तेव्हा उत्तरं आधार देणाऱ्याने पाहिलेल्या चित्राची आली. मदतनीस खोटारडे नव्हते, त्यांना स्वतःलाच कळत नव्हतं की शब्द आपले आहेत. अमेरिकेतल्या वाचा-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये ही पद्धत वापरू नये असं स्पष्ट जाहीर केलं. आता कोपराखाली हात नाही, सॉफ्टवेअर आहे. म्हणून मागणी अशी: यंत्राने सुचवलेले शब्द आणि माणसाने निवडलेले शब्द पडद्यावर वेगळ्या रंगात दिसू द्या, सुचवलेलं वाक्य तोडून त्यातला एकच शब्द उचलता येऊ द्या, आणि सूचना माणसाच्या आधीच्या बोलण्यावरून शिकू द्या. कुणा परक्याच्या सौजन्यावरून नको. माझा भाऊ 'धन्यवाद' फारसं म्हणत नाही.

आवाजाबद्दल थोडंसं. हॉकिंग यांचा तो ओळखीचा यांत्रिक आवाज मुळात अमेरिकेतल्या एमआयटीतले संशोधक डेनिस क्लॅट यांनी स्वतःच्या बोलण्यावरून घडवलेला होता. क्लॅट 1988 मध्ये वारले. पुढे कितीतरी सुधारलेले आवाज आले, पण हॉकिंग यांनी जुना सोडला नाही, तो त्यांचा झाला होता. जुनं उपकरण बंद पडायची वेळ आली तेव्हा तोच आवाज नव्या संगणकावर उतरवण्यासाठी अभियंत्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि 2018च्या सुरुवातीला ते साधलं. दुसरीकडे संशोधक रूपल पटेल यांनी एका परिषदेत पाहिलं की एक लहान मुलगी आणि पन्नाशीतला पुरुष आपापल्या यंत्रांतून एकमेकांशी बोलताहेत, आणि दोघांचा आवाज एकच. त्यातून माणसागणिक वेगळा आवाज घडवण्याचं त्यांचं काम उभं राहिलं. आज वाचा जाण्याआधी स्वतःचा आवाज साठवून ठेवण्याची सोय काही स्मार्टफोनवरही येऊ लागली आहे. स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या एएलएससारख्या आजारात ती मोलाची आहे. ज्यांना कधीच आवाज नव्हता त्यांचं काय, तर त्यांना निवड द्या. मुलाचा, म्हाताऱ्याचा, घोगरा, नाजूक. आणि एकदा निवडलेला आवाज अपडेटमध्ये गुपचूप बदलू नका.

अपडेट म्हटलं की आमच्या घरात आजही आवाज चढतो. भावाच्या आधीच्या अॅपने एका रात्रीत सगळी मांडणी 'अधिक सुटसुटीत' केली. बटणं मोठी झाली, रंग बदलले, आणि 'का' वरच्या ओळीतून तिसऱ्या ओळीत गेलं. तुम्हाला वाटत असेल, शोधेल की दोन दिवसांत. पण तो 'का' शोधत नसतो. इतक्या वर्षांच्या सवयीने त्याच्या मानेला ठाऊक असतं की उजेड सुरू झाल्यावर किती क्षणांनी दाबायचं. तुमच्या कळफलकावरची अक्षरं रात्रीतून हलवली तर काय होईल, तेच त्याचं झालं. त्याचं बोलणं जवळजवळ बंद पडलं. आम्ही त्या कंपनीला लिहिलं, तेव्हा उत्तरात नव्या मांडणीची माहितीपुस्तिका आली.

बटणांची मालकी कुणाची, हा प्रश्न जुनाच आहे. चार्ल्स ब्लिस नावाच्या रसायन अभियंत्याने नाझी छळछावण्यांतून सुटल्यावर शांघायमध्ये चिनी लिपी पाहून एक चिन्हभाषा रचली. साऱ्या जगाने ती वापरावी, माणसांमधले गैरसमज मिटावेत, असं त्याचं स्वप्न होतं. 1949 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि जगाने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. 1971 मध्ये टोरांटोच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली, आणि सेरेब्रल पाल्सी असलेली, तोवर चार-दोन चित्रांपलीकडे काही सांगू न शकणारी मुलं त्या चिन्हांनी वाक्यं करू लागली. ब्लिस आनंदाने तिथे गेले. मग शिक्षकांनी मुलांसाठी चिन्हांत बदल केले तेव्हा संतापले, आणि भांडण वकिलांपर्यंत गेलं. मला ब्लिस यांच्याबद्दल आदर आहे, पण त्या भांडणात मी मुलांच्या बाजूची आहे. 2012 मध्ये पुन्हा तेच दिसलं: दोन कंपन्यांनी पेटंटचा दावा लावला म्हणून एक संवाद अॅप स्टोअरमधून काढून टाकण्यात आलं. एका चार वर्षांच्या मुलीच्या आईने जाहीरपणे लिहिलं की हे अॅप गेलं तर माझ्या मुलीचं बोलणं जाईल. पुढे वाद मिटला आणि अॅप परत आलं. पण तेवढा काळ त्या घरात काय वाटलं असेल ते तुमच्या कायदेविभागाला विचारून कळणार नाही.

आता महिन्याच्या वर्गणीवर चालणारी अॅप्स आली आहेत. भाडं थकलं की माणूस मुका. हे चालणार नाही. वर्गणी संपली तरी आधीचा तक्ता आणि आवाज चालू राहिलाच पाहिजे. नवी वैशिष्ट्यं हवी तर थांबवा. माणसाने वर्षानुवर्षं जमवलेले शब्द, नावं, ठेवणीतल्या शिव्या (होय, त्याही) दुसऱ्या यंत्रात नेता आल्या पाहिजेत. त्यासाठी ओपन बोर्ड फॉरमॅट नावाची खुली पद्धत अस्तित्वात आहे, ती पाळा. आणि प्रत्येक पान जसंच्या तसं कागदावर छापता आलं पाहिजे. बॅटरी संपते, डोळ्यांनी चालणाऱ्या यंत्राचा कॅमेरा कडक उन्हात आंधळा होतो, पावसात पडदा भिजतो. कागदाचा तक्ता आणि बोट दाखवणारा माणूस तेव्हाही काम करतो. मेंदूत किंवा मेंदूच्या पृष्ठभागावर बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून 2023 मध्ये मिनिटाला 62 आणि 78 शब्दांचा वेग गाठला गेला, ही बातमी मी भावाला वाचून दाखवली. तो खूश झाला. मग त्याने विचारलं की चार्जिंग किती टिकतं.

शिव्यांचा विषय निघालाच आहे तर. तुमच्या शब्दसंग्रहात 'चांगला', 'छान', 'आनंदी', 'दुःखी' असतात. 'भिकारडा', 'नालायक', 'गेलास उडत' नसतात. पौगंडावस्थेतल्या मुलाला तुम्ही फक्त आनंदी किंवा दुःखी होऊ देता. शरीराच्या अवयवांची खरी नावं बहुतेक तक्त्यांत नसतात, 'त्याने मला इथे हात लावला' हे सांगायला शब्द नसतात. ज्याला सांगता येत नाही त्याच्यावर अत्याचार करणं सोपं असतं, हे अत्याचार करणाऱ्यालाही ठाऊक असतं. ही पानं लपवून, कुलपात, पालकांच्या परवानगीने देऊ नका. पहिल्या दिवसापासून द्या.

आणि कुलपाचंच म्हणाल तर यंत्रात आवाज कमी करण्याची, पानं बंद करण्याची आणि बोललेलं सगळं नोंदवून ठेवण्याची सोय आहे. ती कुणाच्या हाती आहे? भाऊ मैत्रिणीशी काय बोलला याची नोंद थेरपिस्टच्या संगणकावर जात होती, तारीख-वेळेसकट. उपचारासाठी नोंद लागते हे मला समजतं. मग बोलणाऱ्याला ती थांबवायचं बटण द्या, त्याच्याच पडद्यावर. मोठ्या माणसाच्या तोंडावर हात ठेवणं असभ्य असेल तर त्याचं यंत्र दुसऱ्याने म्यूट करणंही असभ्यच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी साधनं, म्हणजे अशी यंत्रं आणि तक्ते, धरलेली आहेत, आणि अभिव्यक्ती स्वातंत्र्याच्या कलमात स्वतःला हवं ते माध्यम निवडण्याचा हक्क आहे.

एक छोटी सूचना, बाकीच्यांहून वेगळी. यंत्राच्या खोक्यात पहिलं पान पालकांसाठी ठेवा. बहुतेक आईबापांच्या मनात एकच भीती असते: यंत्र दिलं तर मूल तोंडाने बोलायचा प्रयत्न सोडेल. या भीतीपायी वर्षं वाया जातात, मुलाने आधी चित्रं ओळखून 'लायकी' सिद्ध करावी म्हणून आणखी वर्षं जातात. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात उपलब्ध अभ्यास तपासले गेले. त्यातल्या नीट काटेकोरपणे केलेल्या अभ्यासांत यंत्र किंवा चिन्हं दिल्याने कुणाचंही बोलणं घटलेलं आढळलं नाही, उलट बहुतेकांचं थोडंफार वाढलं. आणि दुसरं सांगा: घरातल्यांनी स्वतः त्या तक्त्यावर बोट ठेवत बोलावं. मूल भाषा ऐकून शिकतं. त्याच्या भाषेत त्याच्याशी कुणीच बोललं नाही तर ते कुणाकडून शिकणार?

शेवटी कामाचं. तुमच्या चाचण्यांना पालक, शिक्षक, थेरपिस्ट येतात. यंत्र वापरणारी माणसं फोटोपुरती येतात. भावाने यायची तयारी दाखवली आहे, त्याच्यासारखी आणखीही बरीच जणं आहेत. प्रश्न दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे उत्तरं लिहून ठेवता येतील. आयत्या वेळच्या चर्चेसाठी तासाभराची बैठक पुरणार नाही, अर्धा दिवस ठेवा. खोलीत ऊन येणार नाही अशी जागा बघा, प्लग जवळ असू द्या, आणि प्रश्न त्याला विचारा, माझ्याकडे बघून नको. कामाचा मोबदला द्या, जसा बाकीच्या सल्लागारांना देता. त्याची पहिली मागणी त्याने स्वतः लिहून माझ्याकडे दिली आहे, शब्दही त्याचेच: 'बटण हलवायच्या आधी विचारा. मी नाही म्हणालो तर हलवू नका.'

उत्तराची वाट बघते आहे.

आपली,
एका यंत्रभाषकाची बहीण